तूर वाळण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला संगणक क्षेत्राबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अजून वावर आहे, म्हणून आज तुरीच्या मर रोगाबद्दल बोलते.

चार वर्षांपूर्वी देवळी तालुक्यातल्या आमच्या वावरात, पऱ्हाटीच्या मधल्या तासांतली तूर ऐन फुलावर असताना उभी वाळू लागली. बाबांनी एक झाड उपटून खोड चिरलं. आत काळ्या रेघा होत्या. फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. जमिनीत ओल असते, तरी झाड तहानेनं मरतं. पीक निघाल्यावरही ती धसकटांत सुमारे तीन वर्षं टिकते.

मी फोनवरून सल्ला दिला, "ट्रायकोडर्मा हे औषध वापरा." बाबांनी पाकीट आणलं. ते उन्हाळाभर टिनाच्या खोलीत राहिलं. पेरणीला त्यांनी ते रासायनिक बुरशीनाशकात कालवून बियाण्याला चोळलं. तूर पुन्हा वाळली. बाबा म्हणाले, "बाई, तुयं औषध काई लागू पडलं नाई."

चूक माझी होती. ते औषध नाहीच. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात टिनाखाली ती कशी जगणार? आणि कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक रोगाच्या बुरशीबरोबर तिलाही मारतं.

ती जगली तर काम करते. ती मुळांवर आणि मुळांच्या बाहेरच्या थरांत राहते, जागा आधी अडवते. रोगाच्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालून, त्यांचं कवच विरघळवून त्यांना खाते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्येच हे नोंदवलं होतं. शिवाय तिच्या सहवासाने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. मात्र वाळलेलं झाड ती परत उभं करत नाही. तिला आधी पोचावं लागतं.

पुढच्या हंगामात आम्ही सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून सुरुवात केली. पाकिटावरची तारीख पाहिली. पाकीट थंड, सावलीच्या जागी ठेवलं. पेरणीच्या दिवशी किलोभर बियाण्याला १० ग्रॅम चोळून बियाणं सावलीत सुकवलं. उरलेली भुकटी कुजलेल्या शेणखतात मिसळली, ओल राखत पंधरा दिवस झाकून ठेवली आणि ओल्या जमिनीत टाकली. बियाणं मर रोगाला दाद न देणाऱ्या बीएसएमआर ७३६ या वाणाचं घेतलं. माझी आजी ज्वारीत तूर पेरायची. ज्वारीच्या सोबतीने मर कमी होते, हे पुढे संशोधनातही दिसलं आहे. म्हणून एका पट्ट्यात तेही केलं.

मर संपली नाही. पण वाळलेली झाडं बाबांना बोटांवर मोजता आली.

गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना एकच विनंती. घरी फोन तूर वाळल्यावर करू नका, मृगाच्या आधी करा. पैसे पाठवालच, पण पाकिटावरची तारीख आणि ते कुठे ठेवलंय, एवढं नक्की विचारा.

सर, भाकरीवरची बुरशी तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती, तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. त्या बुरशीकडे नीट पाहायला मला तीस वर्षं लागली. क्षमा असावी.