पीत आकाशाची हाक

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधील हान साम्राज्यास उतरती कळा लागली होती. सम्राट लिंग याच्या दरबारात खोज्यांचे प्राबल्य माजले होते आणि अधिकारपदे उघडपणे विकली जात होती. पदासाठी मोजलेला पैसा अखेर रयतेकडूनच वसूल होई. त्यातच रोगाच्या साथी वारंवार येत.

अशा काळी जूलू येथील चांग ज्युए याने ‘महाशांतीचा मार्ग’ हा ताओपंथ स्थापन केला. रोग हे पापाचे फळ आहे, अशी त्याची शिकवण होती. रोग्याने गुडघे टेकून आपले अपराध कबूल करावेत आणि मंत्रांकित चिठ्ठीने भारलेले पाणी प्यावे, हा त्याचा उपचार. ज्याचे गाऱ्हाणे सरकारदरबारी कोणी ऐकत नव्हते, त्या शेतकऱ्याचे दुःख येथे निदान ऐकून तरी घेतले जाई. सुमारे दहा वर्षांत आठ प्रांतांतील लाखो लोक त्याचे अनुयायी झाले. त्यांचे ३६ विभाग पाडण्यात आले. मोठ्या विभागात दहा हजारांवर, तर लहानात सहा-सात हजार माणसे असत. चांग लोकांना सन्मार्गास लावीत आहे, असेच अनेक अधिकाऱ्यांस वाटत राहिले.

आपल्याकडील प्रभवादि संवत्सरांप्रमाणे चीनमध्येही साठ वर्षांचे चक्र मानतात. इ. स. १८४ हे त्या चक्राचे पहिले वर्ष होते. निळ्या आकाशाचे राज्य संपून त्या वर्षी पीत आकाशाचे राज्य येणार, अशी भविष्यवाणी पसरली. पिवळा रंग हा पृथ्वीतत्त्वाचा. उठावाचा दिवसही ठरला. परंतु एका शिष्याने फितुरी केली. राजधानी लोयांग येथे चांगचा सहकारी मा युआनयी याचा वध झाला आणि हजारांवर माणसे मारली गेली. तेव्हा ठरलेल्या दिवसापूर्वीच डोक्यास पिवळे फडके बांधून शेतकरी उठले.

त्याच वर्षी चांग आजाराने मरण पावला. चांग बाओ व चांग ल्यांग हे त्याचे दोघे भाऊ लढाईत पडले. मात्र बंड मोडण्यासाठी प्रांतोप्रांतीच्या सरदारांहाती जे सैन्य आले, ते पुन्हा दरबाराच्या मुठीत आले नाही. इ. स. २२० मध्ये हान वंशाची सत्ता संपली.

दुसऱ्या एका ताओपंथाने हानचुंग येथे वाटसरूंसाठी फुकट अन्नाची धर्मगृहे उघडली आणि लहान अपराधास रस्ता दुरुस्त करण्याचे प्रायश्चित्त ठेवले. त्याच्या प्रमुखाने २१५ मध्ये शरणागती पत्करली. पंथ मात्र टिकून राहिला. चांगच्या अनुयायांनी आपली सारी श्रद्धा एका वर्षाच्या भाकितावर लावली होती. ते वर्ष सरले; ज्या अन्यायाने त्यांना उठविले, तो मात्र सरला नाही.