जर्मनीला शिकायला निघताना

सांगली-साताऱ्याच्या ज्या मुलामुलींना जर्मनीत शिकायचंय, त्यांनी व्हिसाच्या अर्जाआधी दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव राहिलं असेल, स्पेलिंगमध्ये अक्षर चुकलं असेल, तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढे शैक्षणिक कागदांची एपीएस या जर्मन केंद्राकडून पडताळणी. नोव्हेंबर २०२२ पासून ती बहुतेकांना सक्तीची आहे. मग पैशाचा पुरावा. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात. पालकहो, घाबरू नका, ही फी नव्हे. पैसे विद्यार्थ्याच्याच नावावर राहतात, तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो हाती येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी समाज कल्याण कार्यालयात जरूर करावी.