कादंबरीच्या पलीकडचे कपाट

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक कार्यक्रमात झालेले व्याख्यान)



मराठी ग्रंथालयांच्या यादीत ‘ललितेतर’ नावाचा एक विभाग असतो. कपाटात काय आहे, हे या नावावरून कळत नाही. काय नाही, एवढेच कळते. ताऱ्यांचा इतिहास, पक्ष्यांचा कोश, १८५७चा प्रवास, पाककृतींचे पुस्तक आणि व्यायामाचा ज्ञानकोश असे सगळे या एका पाटीखाली दाटीवाटीने बसलेले असते. उलट दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ललित गणले जाते. वास्तविक त्यात कल्पित कथा नाही. वर्षाच्या बारा महिन्यांत झाडे, फुले, पाखरे यांत काय पालटते याचे ते निरीक्षण आहे. एकूण आपले वर्गीकरण खरे आणि कल्पित यांत रेघ ओढत नाही, शैली पाहून रेघ ओढते. परिणाम असा की, सर्वसाधारण कुटुंबातील वाचक कादंबऱ्यांच्या कपाटापाशी थांबतो आणि ‘इतर’ कपाट अभ्यासकांचे, आपले नव्हे, अशी समजूत करून घेतो. आजचा विषय ते दुसरे कपाट हा आहे.

प्राचीन भारतीय विज्ञानाचा अभिमान सांगणाऱ्या भाषणांची आपल्याकडे वाण नाही. परंतु त्या श्रोतृवर्गापैकी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ किती घरांत उघडला गेला असेल? दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे. जन्म १८५३. पेशाने शिक्षक, विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने त्यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहावयास घेतला आणि तो १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्यासमवेत त्यांनी केलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही निघाला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, पंचेचाळिशीतच दीक्षित निवर्तले.

या ग्रंथात वाचकाला काय मिळते, याचे एकच उदाहरण पाहू. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचे विधान शतपथ ब्राह्मणात आहे. पाठ करणाऱ्यांनी ते शतकानुशतके पाठ केले. दीक्षितांनी त्यावर प्रश्न विचारला : कृत्तिका बरोबर पूर्वेस कधी उगवत होत्या? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे संथपणे फिरतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे ताऱ्यांचे उगवण्याचे स्थान हळूहळू सरकत जाते. हे सरकणे मागे मोजीत गेल्यावर उत्तर आले, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. या कालनिर्णयावर आजही वाद आहे. ते विधान त्याच काळातील निरीक्षण की जुनी परंपरागत स्मृती, असा प्रश्न विद्वान विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु श्रद्धेचे एक वाक्य घेऊन ते गणिताच्या कसोटीला लावण्याचे धैर्य एका मराठी शिक्षकाने दाखविले, तेही मराठीत. यवनांकडून आपल्याकडे काय आले आणि आपले स्वतःचे काय, हा नाजूक प्रश्नही त्यांनी टाळला नाही. पुरावे मांडून विस्ताराने तपासला. ज्यांना केवळ जयजयकार हवा आहे त्यांची येथे थोडी निराशा होईल. पुढे या ग्रंथाचे हिंदी भाषांतर झाले आणि भारत सरकारच्या वेधशाळा विभागाने इंग्रजी भाषांतरही दोन भागांत प्रसिद्ध केले. म्हणजे जगाला तो वाचण्यासाठी भाषांतराची वाट पाहावी लागली. आपल्याला तशी काही अडचण नव्हती. कार्तिकातील संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्यावे आणि उगवत्या कृत्तिका दाखवाव्यात. महाराष्ट्रातून त्या आता पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवताना दिसतात. ‘मग ग्रंथात पूर्व का म्हटले आहे?’ असे मुलाने विचारले की, या पुस्तकाची जिल्द उघडण्याची वेळ आली असे समजावे.

इतिहासाच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे, पण बरी आहे असे नाही. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ ही पुस्तके मराठी घराघरांत आहेत. त्यांनी इतिहासाची गोडी लावली, हे ऋण मान्यच करावयास हवे. अडचण पुढे येते. कादंबरीतील संवाद कादंबरीकाराने रचलेले असतात. तो त्याचा अधिकारच आहे. पण तेच संवाद व्यासपीठावरून इतिहास म्हणून ठोकून दिले जातात, आणि सभेत टाळ्याही पडतात. अशा वेळी त्र्यंबक शंकर शेजवलकरांची आठवण होते. त्यांचा पानिपतवरील ग्रंथ आधी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि नंतर १९६१ मध्ये ‘पानिपत : १७६१’ या नावाने मराठीत आला. पराभवाची कारणे शोधताना ते आपल्या माणसांना सूट देत नाहीत आणि प्रतिपक्षाचे गुणही लपवीत नाहीत. शिवचरित्र लिहिणे हा त्यांचा आयुष्यभराचा संकल्प होता. तो पुरा होण्याआधी १९६३ मध्ये ते वारले. मागे राहिली ती प्रस्तावना, आराखडा आणि साधने. ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने ते सारे १९६४ मध्ये छापले गेले आणि या अपुऱ्या ग्रंथाला १९६६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. न लिहिलेल्या चरित्राच्या तयारीला असा मान मिळाल्याचे उदाहरण विरळाच असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये दिवंगत झालेले गजानन भास्कर मेहेंदळे याच मार्गाचे. त्यांच्या ‘श्री राजा शिवछत्रपती’चे जाडजूड भाग पाहून पुष्कळांची छाती दडपते. सगळे सलग वाचलेच पाहिजे असे नाही. एक प्रसंग निवडावा, कादंबरीतील त्याचे वर्णन आधी वाचावे आणि मग मेहेंदळ्यांच्या तळटिपांसह तोच प्रसंग वाचावा. किती गोष्टी आपण केवळ ऐकीव म्हणून खऱ्या धरून बसलो होतो, ते तेवढ्यावरून कळते.

कोरड्या तळटिपांची धास्ती वाटत असेल, त्यांनी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ करावा. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने १८५७ मध्ये काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, लूट, कत्तल सारे डोळ्यांदेखत. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि तरीही घरी परतताना गंगेची कावड खांद्यावर होतीच. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी पुढे हे सारे लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापले, परंतु काळ इंग्रजांचा. भाषेवर आणि मजकुरावर संपादकाचा हात फिरलेला होता. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या तर, पारतंत्र्यात सत्य छापताना कोठे कोठे आवाज खाली करावा लागे, याचा धडा कोणत्याही भाष्याविना मिळतो.

आत्मचरित्रांचे दालन तर इतके समृद्ध आहे की, त्यासाठी निराळे व्याख्यान लागेल. रमाबाई रानडे (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आवडीने वाचली जातात. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके मात्र अनेक सुखवस्तू घरांच्या उंबरठ्याबाहेर राहिली. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी तरी ती आधी वाचावयास हवीत. ज्या गावाचे गोडवे आपण गातो, तेच गाव वेशीबाहेरून कसे दिसते हे त्यांत आहे.

महाभारताविषयी दोनच पुस्तकांचा उल्लेख पुरे. दुर्गाबाईंचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७). दोघीही विदुषी, दोघींनाही समाजशास्त्राची जाण, समोर महाकाव्य एकच. दुर्गाबाई व्यक्तिरेखांच्या अंतरंगात रसिकतेने शिरतात. इरावतीबाई त्यांना आप्तसंबंध आणि कुलधर्म यांच्या चौकटीत उभे करून जाब विचारतात. ‘युगान्त’ वाचून पूर्वी काहींना राग आला होता, अजूनही येतो. राग आलेल्याने शेजारी मूळ महाभारत घेऊन बसावे.

आता निसर्ग. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी केली. विदर्भाच्या जंगलांत आयुष्याची बहुतेक वर्षे काढली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’चे महत्त्व माहितीइतकेच शब्दांत आहे. आदिवासींच्या, पारध्यांच्या, कोळ्यांच्या तोंडी असलेली पाखरांची नावे त्यांनी गोळा केली आणि जेथे शब्द नव्हता तेथे घडविला. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ म्हणावे, हे त्यांनीच रूढ केले. शब्द नसला की पक्षी समोर असूनही डोळ्यांस दिसत नाही. ‘कसलासा पक्षी’ म्हणून आपण पुढे जातो.

आणि स्वयंपाकघर? कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) हे मराठीतील अत्यंत खपाच्या पुस्तकांपैकी एक. त्याला कोणी ग्रंथ म्हणत नाही, एवढेच. वाटी आणि चमचा ही घरची मापे धरून पदार्थ सांगितल्यामुळे, सासर-माहेरची वडीलधारी माणसे जवळ नसलेल्या नव्या गृहिणींना ते आधार वाटले. शास्त्रीय लेखनाची कसोटी हीच ना, की वाचून दुसऱ्याला तेच करून पाहता यावे? चरित्रांत वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) असेच घराघरांत पोहोचले. गुलामीत जन्मलेल्या एका अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाची ही कथा महाराष्ट्राच्या शाळकरी मुलांनी आपली मानली. पण त्याच लेखिकेचे ‘भगीरथाचे वारस’ हे पाणी पंचायतीच्या विलासराव साळुंखे यांच्यावरील पुस्तक त्या मानाने किती थोड्यांनी पाहिले असेल! टस्कीगी आपल्याला ठाऊक आहे. पुरंदरचा दुष्काळ ठाऊक नाही.

शेवटी कोशांविषयी, कारण याच ठिकाणी वाचकाचा संबंध थेट येतो. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि मराठीत ज्ञानकोश करण्याच्या वेडाने झपाटले. पाठीशी ना विद्यापीठ, ना सरकार. भाग विकून मंडळी उभी केली, वर्गणीदार मिळविले आणि १९२०च्या दशकात २३ खंड पुरे केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश तीन खंडांचा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा. बडोद्याचा व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांचा. मल्लखांबापासून लाठीपर्यंतची ही संपदा आज शाखांवर आणि आखाड्यांतही फारशी कोणाला ठाऊक नाही. गोव्यातून आलेले कथाकार महादेवशास्त्री जोशी यांनी कथा बाजूला ठेवून भारतीय संस्कृती कोशाचे दहा खंड केले. त्यांच्या पत्नी सुधाताई गोवामुक्तीच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या. एकाच घराने दोन्ही कामे अंगावर घेतली होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून सुरू केलेल्या मराठी विश्वकोशाला मात्र राज्यशासनाचे पाठबळ होते. त्याचा विसावा खंड २०१५ मध्ये हाती आला.

केतकरांचा ज्ञानकोश आणि विश्वकोश आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात, तेव्हा किमतीची सबब उरलेली नाही. जे संगणकावर नाही आणि दुकानातही नाही, त्यासाठी ग्रंथालयच आहे. प्रत्येक ग्रंथालयात वाचकांच्या मागणीची एक वही ठेवलेली असते. ग्रंथपालाकडे खरेदीला पैसे थोडे असतात आणि तो ते वहीतील मागणी पाहून खर्च करतो. त्या वहीत वर्षभर नव्या कादंबऱ्यांचीच नावे येत राहिली, तर शेजवलकरांची फाटकी प्रत बाद झाल्यावर त्या जागी दुसरी येत नाही. प्रकाशकही मग पुनर्मुद्रणाचा विचार सोडून देतो. आज सभा संपल्यावर निघताना ही वही दारापाशीच ठेवलेली आहे. पेनही ठेवलेले आहे.