सांधलेली शिल्पं

वर्ध्याला गांधीजी आणि विनोबांची भंगार लोखंडातून घडवलेली शिल्पं आहेत. ती दगडातून कोरलेली नाहीत की साच्यात ओतलेली नाहीत. तुकड्याला तुकडा सांधून उभी केली आहेत. या सांधण्याचा एक मोठा प्रवाह शंभर वर्षांपूर्वी रशियात सुरू झाला. शिल्पकार नाउम गाबो यांनी 1916 मध्ये लोखंडी पत्रे जोडून मानवी मस्तक रचलं. गाल, कपाळ म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मधली रिकामी जागा! ही पोकळीसुद्धा शिल्पाचाच भाग, हा त्यांचा खरा शोध. 1920 मध्ये त्यांनी भाऊ पेव्हस्नर यांच्यासह जाहीरनामाच काढला. त्याच सुमारास रशियातल्याच तातलिन यांनी चारशे मीटरच्या लोखंडी मनोऱ्याचा आराखडा केला. तो बांधला मात्र कधीच गेला नाही.

आपल्याकडे ही वाट धरली मुंबईच्या आदी दाविएरवाला यांनी. पेशानं रसायनतज्ज्ञ. काही काळ शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे शिकले, पुढे लाकूड सोडून पोलाद, पारदर्शक प्लॅस्टिक, अगदी लोहचुंबकापर्यंत पोचले. 1975 मध्ये ते गेले. त्यांचं नाव चित्रकारांइतकं घरोघरी पोचलं नाही, हे मला खटकतं.

वर्ध्याची शिल्पं मात्र अमूर्त नाहीत. चष्मा, दाढी लगेच ओळखू येते. पण पुढच्या वेळी जवळ जाऊन बघा. चेहरा क्षणभर विसरा आणि दोन तुकड्यांमधल्या फटीतून दिसणारं आभाळ पाहा.