कंबर धरली तर लपवू नका

आम्ही कुरवंड्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज आमच्या घरातल्या गाडीवाल्यांच्या कंबरेबद्दल बोलायचंय.

आमच्या गावात घरटी एक तरी माणूस चाकावर आहे. कुणी पहाटे लोणावळ्यात दूध घालतो, कुणी गॅसच्या टाक्या पोचवतो, कुणी छोट्या टेम्पोतून हॉटेलांना किराणा आणि पाण्याचे जार देतो. तरणी पोरं मोटारसायकलवरून बंगल्याबंगल्यांत पार्सलं टाकतात. आयएनएस शिवाजीवरून, भुशी धरणाकडून लोणावळ्यात जायचा आमचा रस्ता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे गर्दीत गाडी अडकली की तासन् तास हलत नाही. वरून पाऊस, अंगावर रेनकोट, पाठीवर पिशवी आणि पोरगा हँडलवर वाकून बसलेला.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाला जुनी मोटारसायकल घ्यायला गटातून कर्ज काढलं. सुरुवातीचे हप्ते वेळेवर आले. मग तो संध्याकाळी खाली बसताना कण्हायला लागला. “काही नाही, उसण भरली,” म्हणायचा. आजीने पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतला. हसू नका, आमच्यातल्या निम्म्याजणींनी हे केलेलं आहे. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही, पण दुखऱ्या कंबरेवर लाथ मारून घेऊ नका. पुढे तो दोन दिवस झोपून राहिला, आणि तेवढ्यात हप्त्याची तारीख आली. उशीर झाला की दंड, हा नियम आमचाच. पोरानं पट्टा आवळला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि गाडी काढली. तिसऱ्या आठवड्यात कळ पायात उतरली. चालताना एका पायातली चप्पल गळून पडायची आणि त्याला कळायचंही नाही. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. ऑपरेशन टळलं, पण दोन महिने काम बंद.

बैठकीत ताई म्हणाल्या, “दंड भरला असता हो. पण पोरगं म्हणालं, गटात आईची मान खाली जायला नको.” त्यावर आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही.

मग आम्ही फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंना गावात बोलावलं. त्यांनी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरं त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला नवीन होतं. आम्हाला वाटायचं, एखादं जड ओझं उचललं की कंबर जाते. पण बऱ्याचदा खोड आधीच्या बसण्यात असते. तासभर वाकून, खड्ड्यांचे हादरे खात बसलं की कंबरेचे स्नायू आखडतात आणि मणके बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. अशात उतरल्या उतरल्या वजन उचललं की चमक निघते. गॅसची भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोची असते. २० लिटरचा जार म्हणजे २० किलो पाणीच झालं.

यावर उपाय आपल्याला आधीपासून माहीत आहे. भातलावणीत तासभर वाकल्यावर आपण काय करतो? उभ्या राहतो, कंबरेवर दोन्ही हात ठेवतो आणि मागे वाकतो. कुणी शिकवलं होतं का? गाडीवाल्यानं तेच करायचं. गाडी लावली की दोन मिनिटं चालायचं, पाच-सहा वेळा सावकाश मागे वाकायचं, मग ओझ्याला हात घालायचा. मागे वाकताना कळ पायात उतरली तर मात्र थांबायचं.

उचलण्याचंही तसंच. भरलेली कळशी आपण हात लांब करून कधी नेत नाही, कमरेवर टेकवतो. जार असो की खोकं, अंगाला चिकटवून, गुडघ्यात वाकून उचलायचं. वळताना कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. पूर्वी बैलाच्या पाठीवर गोण्या टाकताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचे. आपली पोरं मात्र सगळा भार एकाच खांद्यावर घेतात. पार्सलाची पिशवी मागच्या सीटवर टेकेल एवढी पट्टी लांब करून द्या. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावा, त्यानं बसताना कंबर तिरपी होते. टेम्पोवाल्याच्या कंबरेमागे पंचाची गुंडाळी द्या. टायरची हवा आणि शॉकअप बघायला सांगा, कारण हादरा शेवटी मणक्यालाच बसतो.

दूधवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. त्या वेळी खाली वाकून ओढाताण केली तर गादीवर जास्त ताण येतो. उठल्या उठल्या कॅन उचलू नका. आधी गोठ्यातली, घरातली हलकी कामं करा. घरच्यांनी कॅन ओट्यावर ठेवला तर वाकणंच वाचतं.

दुखायला लागलंच तर? एक-दोन दिवस जड काम बंद, गरम पाण्याची पिशवी, पण अंथरूण धरायचं नाही. थोडं थोडं चालत राहायचं. बहुतेक दुखणं काही आठवड्यांत उतरतं. पट्टा बांधून दिवसभर राबायचं नाही आणि दुखायच्या गोळ्या मनानं रोज घ्यायच्या नाहीत, पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला त्रास होतो. योगासनं करायची तर कुणाकडून तरी शिकून करा. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभं केलं, तेच मुळी आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासायला. मोबाईलवर बघून मान-कंबर मोडू नका.

आता हे नीट ऐका. पायातली ताकद कमी झाली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर उद्याची वाट बघायची नाही, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जायचं. पडल्यानंतरचं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारी कळ, यालाही डॉक्टर हवाच.

दंडाचा नियम आम्ही बदलला. घरातल्या कमावत्या माणसाची पाठ किंवा हातपाय अडले तर दोन महिने फक्त व्याज, दंड नाही. दोघीतिघी विरोधात होत्या. म्हणाल्या, उद्या सगळेच कंबर धरून बसतील. आम्ही म्हटलं, एक वर्ष करून बघू. अजून तरी कुणी खोटं बोललेलं नाही.

ताईंचा मुलगा परत गाडीवर आहे. जड पार्सल आलं की फाटकातूनच हाक मारतो आणि बंगल्यावरच्या माणसाला एका बाजूने धरायला लावतो. आधी त्याला लाज वाटायची. आता म्हणतो, दहातले आठ जण येतात.