प्रयोगशाळेतून भांडवलाकडे

मालेगावच्या मागाचा झिजलेला सुटा भाग बदलता येतो. खुब्यातील कृत्रिम सांध्याचे तसे नाही. झिजेतून सुटलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण भोवतालचे हाडच पोखरतात आणि रोग्यावर पुन्हा शस्त्रक्रिया ओढवते. पॉलिएथिलीनवर किरणांचा मारा करून रेणू परस्परांत गुंफले, म्हणजे ही झीज पुष्कळ घटते. अमेरिकेत एमआयटीमध्ये झालेल्या या संशोधनात डॉ. व्ही. प्रेमनाथ यांचा वाटा होता. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००७ साली निघालेल्या ‘व्हेंचर सेंटर’ची धुरा त्यांनी वाहिली. विद्वानाने द्रव्याच्या खटाटोपात पडावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु शोधकाची मागणी पारखणाऱ्याने झिजलेला सांधा पाहिलेला असणे बरे नव्हे काय? ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचे ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान अशाच केंद्रांमार्फत नवशोधकांच्या हाती पडते.