अंगठा देण्याआधी

(रेल्वे वसाहतींत आणि रुळांलगतच्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



गँगमनच्या घरात जाऊन ‘उद्या तुझ्या नवऱ्याला गाडीनं उडवलं तर तू काय करशील?’ असं विचारता येत नाही. सासू आपल्याला हाकलून देईल, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण विषय टाळूनही चालत नाही. रेल्वेच्या सुरक्षिततेवर अनिल काकोडकर समितीनं २०१२ साली अहवाल दिला. ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेले आणि सुमारे ८७०० जखमी झाले, असं त्यात नोंदलंय. मेलेल्याबद्दल चार लोक बोलतात तरी. पाय गेलेला माणूस घरी आणून खाटेवर ठेवला की तो फक्त बाईचा प्रश्न उरतो.

मी बोलायला सुरुवात पासापासून करते. ‘पासवर तुझं आणि पोरांचं नाव नीट आलंय का गं?’ हे विचारलं की कुणाला अभद्र वाटत नाही. तिथून सर्व्हिस रेकॉर्डवर येता येतं, मग प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशनवर. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाहीतर भावाचं नाव असतं, आणि पुढे दहा-दहा वर्षं कुणी ते पाहत नाही. नियम काहीही असोत, भांडण तिथून पेटतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ते नाव खोडून घ्या, असं एकट्या सुनेच्या कानात सांगू नका. सासूही बाईच आहे आणि मुलाच्या पगारावरच जगते आहे. दोघींना समोरासमोर बसवा आणि कुणाचा किती वाटा ते नवरा धडधाकट असताना त्याच्याच हातानं लिहून घ्या.

ठेकेदाराकडच्या माणसाचं याहून कठीण. त्याला ना पास, ना रेकॉर्ड. बायकोला विचारलं, नवरा कुठं कामाला जातो, तर ती म्हणते ‘लाइनीवर’. कुठली लाइन, कुठला ठेकेदार, मुकादम कोण, काही ठाऊक नसतं. म्हणून निदान एवढं घरात लिहून ठेवायला लावा: ठेकेदाराचं नाव, काम कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये चाललंय, सोबतच्या दोघांचे फोन नंबर, आणि दर आठवड्याला हातात खरे किती पैसे पडले.

पैशाचा आकडा का, ते सांगते. कामावरच्या दुखापतीची भरपाई १९२३ च्या कायद्यानं मिळायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण हिशेबाची रीत तीच राहिली. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, म्हणजे समजा दोन्ही पाय मांडीतून गेले, तर महिन्याच्या मजुरीचे साठ टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पस्तीस वर्षांच्या माणसासाठी तो १९७.०६ आहे. मजुरी बारा हजार सिद्ध झाली तर चौदा लाखांच्या वर रक्कम होते. ठेकेदारानं कागदावर सहा हजार दाखवले आणि आपल्याकडे पुरावा नसला, तर सात लाख. वहीत लिहिलेल्या आठवड्याच्या नोंदीची ही किंमत आहे.

ठेकेदार पळाला तर? ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकावर, म्हणजे इथं रेल्वेवर, जबाबदारी येते. ‘तो प्यायलेला होता’, ‘झेंडी न बघता रुळात गेला’ हे तर हमखास ऐकवलं जातं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर या कारणानं भरपाई नाकारता येत नाही. बाईला हे आधी माहीत नसेल तर ती शरमेनं मान खाली घालते आणि पन्नास हजारांवर गप्प बसते. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात स्टॅम्पपेपर पुढं येतो. ‘आमची काही तक्रार नाही, पुढं काही मागणार नाही.’ असा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही. तरी अंगठा देऊच नये, कारण तो पुसून काढायला वर्षं जातात.

आता कायम नोकरीतल्या माणसाचं. त्याच्या घरी वेगळा कागद येतो, स्वेच्छानिवृत्तीचा. ‘हा आता निकामी झाला, सही करा, पोराला लावून घेऊ.’ इथं घरातलेच लोक बाईवर दडपण आणतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही. जमेल असं दुसरं काम, पगार तोच. तसं काम नसेल तर त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करून त्याला ठेवायचं. याआधीही १९९५ च्या कायद्यात हे होतंच. पोराची नोकरी मागावी की नवऱ्याची टिकवावी हे त्या घरानं ठरवावं, त्यात आपण पडू नये. मात्र दोन्ही वाटा बाईपुढं मांडलेल्या असाव्यात. अनुकंपा नोकरी मागायचीच ठरली, तर बायको स्वतःसाठीही अर्ज करू शकते. हे सांगितलं की घरात एकदम शांतता पसरते. मी ती पुष्कळदा ऐकली आहे.

आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवायला सांगा. ती नवऱ्याच्या ट्रंकेत कुलूपबंद नको. गाडी धडकल्याची बातमी येते तेव्हा किल्ली त्याच्याच खिशात असते.